बर्फ येईपर्यंत

हॉटेलच्या बारमधलं बर्फाचं मशीन कित्येक दिवस बंद होतं. काउंटर सांभाळणारी ती त्याला लाथ मारत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दुसऱ्या बाजूने मारून बघितलंस?"

नवा वेटर. हातात ट्रे, गालावर खळी. तिला हसू आलं, आणि लगेच संशयही. मशीन दुरुस्त करायचं सोडून मॅनेजरने हा कशाला आणला? "गिऱ्हाइकांना सांग, बर्फाने घसा बसतो," म्हणणारा हा मॅनेजर, पण काउंटरवर कुणी ब्र काढला तर त्याला बरोबर कळायचं. आधीचा बारमन त्यापायीच गेला होता.

आणि हा नवा सारखा काउंटरपाशी घुटमळायचा!

"तुझी टेबलं तिकडे आहेत."

"हो, पण... तिकडून तू दिसत नाहीस."

गोड बोलून काढून घेतोय, तिने स्वतःला बजावलं. "तुला आरशातल्या स्वतःचाही संशय येतो," असं आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं. पण हा खरंच चहाडखोर निघाला तर? तिचं जेवणावरून मन उडालं. आवडायला लागला होता ना मेला!

शेवटी तिने पिल्लू सोडलं. त्याच्या कानाशी वाकून कुजबुजली, "कुणाला सांगू नकोस... मी नोकरी सोडतेय."

त्याच्या हातातला ट्रे कलंडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलंच. "सोडतेयस म्हणे? तो नवा सांगत होता."

"तसं काही नाही," एवढं सांगून ती तरातरा बाहेर आली. तो मागच्या दाराशी पिशवी भरत होता.

"चहाडखोर!"

"चहाडी नाही गं... त्याला म्हटलं, मशीन दुरुस्त करा, तिला थांबवा, नाहीतर मीही जातो."

"मग?"

"म्हणाला, जा."

ती मटकन पायरीवर बसली. "अरे, मी खोटं बोलले होते... मला वाटलं, तू त्याचा हेर आहेस."

"हेर कशाला हवा? तो स्वतःच काउंटरमागच्या स्टोअररूमच्या दाराआड उभा असतो. खालून बूट दिसतात. कधी बघितले नाहीस?"

नव्हते बघितले. इतके दिवस ती फक्त याच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दुपारी तो पुढच्या दाराने आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काउंटरसमोर बसला.

"उद्यापासून समोरच्या बेकरीत लागलोय. आज गिऱ्हाईक. एक लिंबू-सोडा... बर्फ घालून."

"बर्फ नाही."

"मग थांबतो, येईपर्यंत."

"या मॅनेजरच्या राज्यात? जन्म जाईल."

"जाऊ दे की."

तिने स्टोअररूमच्या दाराकडे पाहिलं. खाली बूट होते. काल ती कुजबुजली असती. आज चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"थांब मग. मला तू आवडतोस."