भ्रंशवळण

अफारच्या खोऱ्यात ज्वालामुखी कुठे फुटणार, हे आता बैठकीत ठरत असे.

या प्रदेशात जमीन दोन्ही बाजूंना ओढली जाते. ताण असह्य झाला की कवच तडकतं आणि खडक एकमेकांवरून घसरतात. अशा तड्याला भूवैज्ञानिक भ्रंश म्हणतात. खालचा शिलारस बहुतेकदा हीच मोकळी वाट धरून वर येतो. इरावती सबनीसने यातूनच एक तंत्र काढलं होतं. हव्या त्या भ्रंशात खोलवर पाणी दाबून भरलं, की तो वेळेआधीच सरकतो आणि शिलारस तिकडे वळतो. त्याला सगळे भ्रंशवळण म्हणत.

त्या वर्षी शिलारस रेल्वेच्या नव्या शहराकडे सरकू लागला. बैठकीत तो हुमेदच्या वस्तीकडे वळवायचं ठरलं आणि ते सांगायला इरावती तिथे गेली. सर्वेक्षणाच्या काळात ती या म्हाताऱ्या शेळीपालकाच्याच घरी राहिली होती.

"शिलारस आपणहून इकडे आला असता?" हुमेदने विचारलं.

"नाही, अब्बा. पण शहरात चार लाख माणसं आहेत. त्यांना हलवायला वेळ नाही. तुम्ही शंभरेक जण आहात."

"म्हणजे आम्ही थोडे आहोत, हा आमचा गुन्हा."



वस्ती दक्षिणेला हलवली गेली. लाव्ह्याने विहीर गिळली, कुरणं गिळली, हुमेदच्या दोन मुलांच्या कबरीही गिळल्या. माणूस मात्र एकही दगावला नाही. शहराने इरावतीचा सत्कार केला. हुमेदच्या बायकोने, अस्याने, त्या दिवसापासून बोलणंच टाकलं.

दोन वर्षांनी नव्या वस्तीखालची जमीन हादरू लागली. सरकलेला भ्रंश स्वतःचा ताण सोडतो, पण तो ताण नाहीसा होत नाही. बराचसा टोकांकडे ढकलला जातो. इरावतीला हे ठाऊक होतं. तो फार नसेल, असा तिचा हिशेब होता. त्या भ्रंशाचं दक्षिणेचं टोक नेमकं या वस्तीखाली होतं. शिलारस पुन्हा चढत होता, आणि आता इथली वाट उघडणं सर्वांत सोपं होतं. या वेळी बैठकीत कुणी वादही घातला नाही.

निरोप द्यायला इरावतीच गेली. दुसरं कुणी तयार नव्हतं.

हुमेद नव्या विहिरीचा कठडा लिंपत होता. तिला पाहताच त्याने हात थांबवले.

"पुन्हा?"

तिने मान हलवली.

"आग आमच्या मागावर आहे, असं पोरं म्हणतात," तो म्हणाला. "मी त्यांना तसंच समजू दिलं. आगीवर कुणी सूड उगवायला निघत नाही. पण या वेळी तू सांग."

माणसं जमली. भ्रंश म्हणजे काय, ताण म्हणजे काय, हे इरावती सोप्या शब्दांत सांगू लागली. पुढे बसलेल्या अस्याने हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून शब्द फुटले.

"ते राहू दे. कुणी ठरवलं, एवढंच सांग."

"मी," इरावती म्हणाली.

सगळी वस्ती तिच्याकडे पाहू लागली.