बोर धरणावरचं दहावं विमान

सेलूच्या बसस्टँडसमोर समीक्षा थूलचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, पासपोर्टचे फोटो, सगळं ती एकटी करते. बारा वर्षांत तालुक्यातले इतके चेहरे तिच्या कॅमेऱ्यातून गेले की बाजारात भाजी घ्यायला निघाली तर दर चार पावलांवर कोणीतरी हसून मान हलवतं. पण तिचा खरा जीव पक्ष्यांमध्ये. हिवाळ्यात उजाडता उजाडता स्कूटर काढायची, हिंगणीवरून बोर धरण गाठायचं आणि पाण्यावर उतरणारी बदकं टिपत बसायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. उडती वस्तू फोटोत धरायची तर हात किती सैल आणि नजर किती घट्ट ठेवावी लागते, ते तिला त्या बदकांनी शिकवलं.

त्यामुळे फेब्रुवारीत धरणावर लष्करी विमानांच्या कसरती होणार असं ठरलं, तेव्हा स्वागत समितीनं अधिकृत छायाचित्रकाराचा पास तिच्या गळ्यात घातला. समितीत कुरबूर झालीच. बाई माणसाला जमेल का, नागपूरहून कोणी बोलवावा का. समितीचे अध्यक्ष गजेंद्र चांडक, सेलूतले कापडाचे जुने व्यापारी, त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. "बदकं धरते ते पोरगी. विमान काऊन नाई धरन?"

शनिवारी रंगीत तालीम होती. आभाळ धुतल्यासारखं निळं, धरणाच्या भिंतीवरचे दगड तापायला लागलेले, पलीकडच्या जंगलात पळस नुकता पेटलेला. अकराच्या सुमाराला डोंगराआडून नऊ विमानं आली. लाल-पांढरी, एकमेकांना इतकी चिकटून की पंख घासतील असं वाटावं. मागे पांढऱ्या धुराचे नऊ पट्टे. आवाज छातीत शिरला. समीक्षानं कॅमेरा उचलला, श्वास रोखला आणि बदकांमागे फिरवायची तसा हात फिरवत गेली.

दुपारी मंडपात बसून तिनं फोटो लॅपटॉपवर उघडले. पहिल्याच फोटोत तिची नजर अडखळली. तिनं मोजलं. पुन्हा मोजलं, स्क्रीनवर बोट टेकवून.

विमानं दहा होती.

दहावं बाकीच्यांच्या थोडं खाली आणि मागे होतं. रंग राखाडी, तोही कुठे कुठे उडालेला. त्याच्यावर नंबर नव्हता, खूण नव्हती, त्याच्या मागे धूर नव्हता. वैमानिकाच्या डोक्यावरची काच काळी होती. तिला वाटलं, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ बसली असेल. पण धुळीचा डाग एका जागी राहतो. हे तर विमानांबरोबर वळत होतं. भिंगातलं प्रतिबिंब असेल, तर त्याच्या पंखाच्या पत्र्यावरचे रिव्हेटचे खिळे मोजता कसे येतात? त्या दिवशीच्या एकशे चाळीस फोटोंत ते एकशे चाळीस वेळा होतं.

वर्ध्याच्या एका दैनिकाचा फोटोग्राफर निकेश शेजारीच बसला होता. तिनं त्याचे फोटो पाहिले. नऊ. सगळ्यांत नऊ.

गजेंद्रभाऊ आले, चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनवर वाकले. "नऊच आलते. हे कोठून आणलं?"

"आणलं नाई, भाऊ. आलं."

"पुसून टाक. कॉम्प्युटरवर दोन मिनिटाचं काम आहे. पुढच्या आठवड्यात वर्ध्याच्या प्रदर्शनात हा असा लावला तं लोक म्हणतीन, चिकटवलं."

"मी नवरीच्या गालावरचा तीळ नाई पुसत, भाऊ. विमान पुसू?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते निघून गेले. पण मंडपात बातमी पसरायला वेळ लागत नाही. तासाभरात पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं तिच्या कानावर आलं. "स्टुडिओवाली आहे ना. नाव व्हावं म्हणून चिकटवलं असन." दुसरा हसला. तिचे कान तापले. बारा वर्षांत लोकांनी तिला बरंच काही म्हटलं होतं, पण खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं.

ती तडक खाली पाण्याकडे गेली. तिथं तानबाबा डोंग्यात बसून जाळं उकलत होते. धरण झालं तेव्हापासून ते या पाण्यावर मासेमारी करत होते, आणि तिची बदकं पहिल्यांदा त्यांनीच तिला दाखवली होती.

"बाबा, सकाळी विमानं किती गेली?"

म्हाताऱ्यानं जाळ्यातून मान वर केली नाही. "आवाजाचे नऊ."

"म्हणजे?"

"विमान वरून गेलं का पाणी थरथरते. नऊ गेले, नऊदा थरथरलं. मंग त्यायच्या मागून पाण्यावर एक तुकडा सरकत गेला, खळ्याएवढा. त्याच्यातलं पाणी हालतच नोतं. लाट त्याच्यापाशी यायची अन् थांबून जायची." त्यांनी जाळं खाली ठेवलं. "मी तं खाली पाह्यत बसलो, पोरी. अशाकडे वर पाहू नाई. आपण पाह्यलं का ते पाह्यते. उद्या तूबी खाली पाहाजो."

समीक्षानं त्या पाण्याकडे पाहिलं. आता तिथं साध्या लाटा होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या माणसायनं लय दिवस मोठ्यायसमोर खाली पाहून काढले. माह्या आजोबानं काढले. मी नाई पाहणार."

रविवारी धरणावर पाय ठेवायला जागा नव्हती. समीक्षानं गजेंद्रभाऊंसमोर नवं, सीलबंद मेमरी कार्ड ठेवलं. "तुमच्या हातानं फोडा, भाऊ, अन् तुमच्या हातानं कॅमेऱ्यात टाका." त्यांनी तसं केलं, चार लोकांच्या देखत. मग ती निकेशला घेऊन भिंतीच्या टोकाला, गर्दीपासून वेगळी, जाऊन उभी राहिली.

"पह्यल्या फेरीले माह्या कॅमेऱ्यातून तू काढ," ती म्हणाली, "मी तुह्यातून काढीन."

विमानं आली, डोक्यावरून गेली. दोघांनी कॅमेरे खाली घेतले. तिच्या कॅमेऱ्यातून निकेशनं काढलेल्या फोटोंत नऊ विमानं होती. निकेशच्या कॅमेऱ्यातून तिनं काढलेल्या फोटोंत दहा.

निकेश आपल्याच कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. "कालच्यापेक्षा जवळ आहे वं हे," तो म्हणाला. "काल मागं होतं. आता बाजूले आलं."

तेही खरं होतं. दहावं आता रांगेच्या बाहेर पडलं होतं. बाकीच्यांची नाकं पूर्वेला होती. त्याचं किंचित वळलेलं होतं, भिंतीकडे.

"बंद कर, ताई. मी सांगतो सगळ्यायले, तू चिकटवलं नाई म्हणून. मी पाह्यलं ना. झालं तेवढं."

 तिनं हात सलवारीवर पुसले आणि आपला कॅमेरा परत घेतला. "तू मोज," ती म्हणाली. "मी एक एक फोटो काढीन. किती वेळा बटण दाबलं, तेवढं मोज."

शेवटची फेरी. नऊ विमानं जंगलावरून उठली, पूर्वेकडे वळली आणि सगळ्या गर्दीची तोंडं त्यांच्यामागे वळली. शिट्ट्या, टाळ्या. समीक्षाच्या कॅमेऱ्यात मात्र दहावं रांग सोडून निघालं होतं. पाण्यावरून, थेट तिच्याकडे.

ती त्याच्याकडे वळली. हजारो माणसांची पाठ एकीकडे आणि ती एकटी दुसरीकडे.

तिनं एकदा कॅमेऱ्याबाहेर डोकावून पाहिलं. आभाळ रिकामं होतं. फक्त खाली पाण्यावर, लाटांच्या मधून, एक सपाट तुकडा सरकत येत होता.

तिनं डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला.

"सात," निकेश म्हणाला. "आठ."

टाळ्या ऐकू येईनात. मग शिट्ट्याही. निकेशचा आवाज तेवढा राहिला, तोही भिंतीपलीकडून आल्यासारखा. उन्हात उभी असून तिच्या मानेवर गारवा उतरला.

"पंधरा. ताई, खाली घे."

पंखावरचा उडालेला रंग दिसला. रिव्हेटच्या रांगा दिसल्या.

"एकोणीस. समीक्षाताई!"

काळी काच दिसली. पूर्ण चौकट काचेनं भरली.

 तिनं मान झुकवली नाही.

"ये," ती म्हणाली. "पाह्य मले. मीबी पाहून राह्यली."

तिनं बटण दाबलं.

"तेवीस," निकेश म्हणाला.

आणि एकदम सगळा आवाज परत आला. लोक टाळ्या वाजवत होते. पूर्वेला नऊ ठिपके लहान होत चालले होते. पाण्यावर लाटा होत्या. निकेश भिंतीवर खाली बसला होता, दोन्ही हातांनी दगड धरून.

मंडपात गजेंद्रभाऊंनी स्वतः कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. निकेशनं चारचौघांत, आवाज चढवून, दोन्ही कॅमेऱ्यांची हकिकत सांगितली. काल पाण्याच्या टाकीजवळ हसलेला माणूस मागच्या रांगेत उभा होता. तो हसला नाही. आधी निकेशनं काढलेले फोटो गेले, मग तिचे एकेक सरकत गेले. राखाडी विमान पाण्यावरून जवळ, आणखी जवळ. विसावा, एकविसावा, बाविसावा. तेविसावा काळाकुट्ट, नुसती काच.

"झाले तेवीस," गजेंद्रभाऊ म्हणाले आणि सवयीनं पुढचं बटण दाबलं.

चोविसावा होता.

तो वरून काढलेला होता. खाली धरणाची भिंत, तापलेले दगड, माणसांची गर्दी. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. भिंतीच्या टोकाला दोघं. त्यातला एक पुरुष डोळे मिटून उभा होता. त्याच्या शेजारी एक बाई कॅमेरा डोळ्याला लावून सरळ वर बघत होती. फोटो इतक्या जवळून घेतलेला होता की तिच्या गळ्यातल्या पासवरचं नाव वाचता येत होतं.

 गजेंद्रभाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "पोरी," ते हळू म्हणाले, "चुकलं माह्यं. तू खोटं नोती बोलत. पण हा नको लावू."

"लावणार, भाऊ. माह्या कार्डात आहे. माह्या फोटोयसंगंच लावणार."

आठ दिवसांनी वर्ध्याला प्रदर्शन भरलं. एका भिंतीवर तिचे चोवीस फोटो ओळीनं लागले, खाली पाटी: छायाचित्रकार समीक्षा थूल, सेलू. शेवटचा फोटो तिनं काढलेला नव्हता, म्हणून त्याच्याखाली मात्र तिनं नावाची जागा कोरी ठेवली. लोक पहिल्या फोटोपासून बोलत बोलत यायचे आणि शेवटच्यापाशी गप्प व्हायचे. तानबाबाही आले, मुलाच्या मोटरसायकलवर बसून. ते सगळ्या फोटोंसमोरून खाली मान घालून चालत गेले. शेवटच्यासमोर थांबले, आणि त्यांनी मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली.

उद्घाटनाच्या दिवशीच गजेंद्रभाऊंनी तिला बाजूला घेऊन एकच विनंती केली होती. चोविसावा फोटो राहू दे, पण उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा काप. सगळे तिथंच बोट दाखवून राह्यले.

तिनं नाही कापला. नवखा माणूस फोटो काढतो तेव्हा भिंगापुढे बोट येतं, तसं त्या कोपऱ्यात एक बोट आलं होतं. पुसट, बरेच दिवस पाण्यात राहिल्यासारखं फिकट, नखापर्यंत. आणि नखाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब, पडायच्या बेतात.