वरच्या अंगाची हिरवळ

पहिल्याच भेटीत तिने त्याला चोर ठरवलं होतं. चराईबंदी असलेल्या टेकडीवर, रोपांच्या मधोमध एक अनोळखी माणूस वाकलेला दिसला. गावाची रोपवाटिका सांभाळणारी ही बाई काठी घेऊन धावली, आणि तो निघाला सरकारी योजनेचा तपासनीस! बिचाऱ्याने हात वर केले आणि हसला. त्या हसण्यानेच सगळा घोटाळा केला. मग तो येत राहिला, रोपं बघायचं निमित्त होतंच… आणि तो येणार त्या दिवशी तिची वेणी जरा जास्तच नीट बसू लागली.

आज मात्र या हंगामाची शेवटची तपासणी होती. योजनेची अट सरळ होती: गावाने उजाड टेकडी हिरवी करायची, पुरेशी रोपं जगली की तिथलं गवत गावाचं आणि पायथ्याला दूध डेअरी. नाही जगली, तर आणखी एक हंगाम लावणी. पण तोवर थांबणार कोण? निम्मी गल्ली कामासाठी शहरात गेली होती. तिला लहानाची मोठी करणाऱ्या आत्याचंही बोचकं बांधून तयार होतं, आणि आत्या गेली की तीही जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

वरच्या अंगाची रोपं उन्हाने करपली होती, हे तिला माहीत होतं. आज तिथे हिरवी पानं डोलत होती. काल संध्याकाळी आत्या बायकांना घेऊन वर का आली होती, ते आत्ता कळलं. मेलेल्या रोपांच्या जागी बायांनी चक्क हिरव्या फांद्या खोचल्या होत्या.

तो मात्र एकेक फांदी जिवंत रोप म्हणून मोजत, वहीत आकडा लिहीत पुढे सरकत होता. फसला बिचारा, तिला वाटलं. पायथ्याशी आत्या वर बघत उभी होती. नुसतं गप्प राहायचं, की डेअरी येणार, तोही येत राहणार… पण त्याच्या तोंडाकडे बघत ही लबाडी जन्मभर गिळायची? तिच्याने होईना. तिने एक फांदी उपटून त्याच्या हातात दिली. खाली मूळ नव्हतं.

"इथली सगळी अशीच आहेत, साहेब."

"पहिल्या ओळीतच कळलं होतं मला," तो हळूच म्हणाला.

"मग मोजत का होतात?"

"तुम्ही गाव सोडून जाल म्हणून…"

तिला त्याचा राग आला आणि रडूही आलं. असं मिळालेलं मला नको, खोडा तो आकडा, असं तिने बजावलं. त्याने मान खाली घालून खोडला. डेअरी एक हंगाम लांबली.

"पुढच्या तपासणीला मी नसेन," तो म्हणाला. "ज्या गावात नातं आहे, तिथं तपासणी करता येत नाही."

"तुमचं कसलं नातं इथं?"

"तुम्ही हो म्हणालात, तर…"

ती खाली आत्याकडे बघत राहिली.

"डेअरी लांबली हे आत्याला तुम्ही सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "आणि तिला थांबा म्हणायचं. ती थांबली, तर माझं हो आहे."

तो टेकडी उतरायला लागला.