पळसाखालची जागा

ही घटना खरी आहे. माझी सख्खी मावशी गुरम्मा, तिच्या तोंडून ऐकलेली. पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. फाल्गुन महिना. अहमदपूरजवळच्या डोंगरातली एक दरी.

मावशीचे यजमान सिद्रामप्पाकाका. गावात कापडाचं दुकान. त्यांची पहिली बायको महादेवी बहात्तरच्या दुष्काळात गेली. मग मावशी त्या घरात आली.

काकांना एकच नाद. पाखरं बघायचा.

पळस फुलला की रोज पहाटे दरीत जायचे. येताना चेहरा कसा खुललेला असायचा! घरात मात्र तोंडातून शब्द नाही.

मावशीला संशय आला. नक्कीच बाई असणार.

एका पहाटे ती मागोमाग गेली.

उजाडलं होतं. पळसावर भोरड्या पाखरांचा नुसता कलकलाट. खाली काका बसलेले...

शेजारी एक बाई. हिरवं लुगडं. बोटानं त्यांना पाखरं दाखवत होती.

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा खाली उतरली.

पळसाखाली काका एकटेच!

"कुठं गेली ती?"

"कोण? हितं कोण बी न्हाई."

त्यांच्या शेजारचं गवत दबलेलं होतं. मावशी हट्टानं तिथंच बसली.

"तितं नगं बसू गं..." काका पुटपुटले.

आणि कलकलाट थांबला.

एकही पाखरू उडालं नव्हतं. सगळी फांद्यांवरच... गप्प. मावशीकडं बघत.

मग तिच्या खांद्यावर हात पडला... गार. त्यानं तिला हळूच बाजूला सरकवलं.

काकांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

मावशीनं त्यांना ओढतच घरी आणलं. "पुन्हा त्या दरीत गेलात तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

काका गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मावशीला जाग आली. काका भिंतीकडं तोंड करून झोपलेले. त्यांच्या पलीकडून, जिथं भिंतीशिवाय काही नव्हतं तिथून, बाईचा आवाज आला...

"आज आला न्हाईत?"

मावशीनं काकांना उठवलं.

"जावा. तुमी तिकडंच जावा."

त्यानंतर दर फाल्गुनात तिनंच त्यांना पाठवलं. ते परत येईस्तोवर दारात जळत बसायची.

काका वारले, त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मी म्हटलं, "मावशी, ती दरी बघून येऊ का?"

तिनं माझा हात घट्ट धरला.

"जा. पर दोघं बसलेले दिसले... तर मला सांगू नगं."

मी जाऊन आले.

मावशीनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.