दोन महिने कमी

त्या रात्री सोसायटीची लाइट गेली, म्हणून देवापुढची समई बाहेरच्या खोलीत आणून आम्ही तिच्याभोवती बसलो होतो. बाबुरावकाकांनी ओवी आणि साई या पोरांना जवळ बोलावलं.

"भूत-बित मी मानत नाही," ते म्हणाले. "पण उत्तरेश्वर खोटं बोलणारा माणूस नाही. आयुष्यात एकदाच खोटं बोलणार होता. ते ऐका."

काका सांगू लागले. उत्तरेश्वर धाराशिवकडचा. पुण्याजवळ मांजरी गावात नव्या इमारतींना पाण्याचा टँकर न्यायचा. मालकानं टँकर विकायला काढला, तेव्हा ट्रकवर नोकरी शोधणं आलं. अर्ज मीच भरून द्यायचो. अट सगळीकडे एकच, तीन वर्षांचा अनुभव. याची भरत होती दोन वर्षं दहा महिने. नारायण पेठेतल्या एका ऑफिसातले गृहस्थ तर म्हणाले, "अहो, एवढी घाई होती तर दोन महिने आधी जन्मायचं!"

अकरा ठिकाणी नकार. माणूस पार थकला. शेवटी त्यानं कुणाकडून तरी तीन वर्षांचं खोटं पत्र करून घेतलं. बायकोला, दुर्गाबाईला, सांगितलं नाही. तिचे सोळा सोमवार चालू होते. तो निघताना तिनं अंगारा लावला. "मिळेल हो या वेळी. मी महादेवाला सगळं खरं खरं सांगितलंय."

पत्र त्याच्या खिशात होतं.

पौषातली अमावस्या, बुधवार, रात्रीचे पावणेबारा. मांजरीजवळच्या एका ट्रान्सपोर्टनं रात्रीच्या गाडीसाठी चाचणीला बोलावलं होतं. वॉचमननं किल्ली दिली. "साहेब येतायत, गाडी गेटवर घे." हा केबिनमध्ये चढला, तर डाव्या सीटवर एक जण आधीच बसलेला. तिशीचा असेल. बेल्ट लावून.

"चल," एवढंच म्हणाला. याला वाटलं, हेच साहेब.

सोलापूर रस्ता. लोणी गाव मागे पडलं. उसाचा वास, थंडी. मग शेजारच्या माणसानं विचारलं.

"किती वर्षं चालवतोस?"

उत्तरेश्वरचा हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला. कपाळावरचा अंगारा आठवला म्हणे.

"दोन वर्षं दहा महिने, साहेब."

तो माणूस काचेतून पुढे बघत राहिला.

"माझीपण तेवढीच."

मग...

"मी तीन सांगितली होती."

काकांनी समईची वात सारली.

"मग?" साईनं विचारलं.

मग त्यानं दारावर दोन थापा मारल्या. क्लीनर मारतात तशा. म्हणजे, थांब. यानं ब्रेक दाबला. गाडी घसरत थांबली. पुढे दहा फुटांवर उसाची ट्रॉली... उभी. दिवा नाही. काही नाही.

यानं डावीकडे पाहिलं.

सीट रिकामी.

यार्डात परतला तेव्हा मॅनेजर आमोद गेटवरच उभा. "चाचणी घेणारे अजून आलेच नाहीत. तुम्ही एकटेच फिरून आलात?"

उत्तरेश्वरनं सगळं सांगितलं. खिशातलं पत्र काढलं, त्याच्यासमोर फाडलं. "दोन महिने कमी आहेत, साहेब. नसेल जमत तर नाही म्हणा. मी दमलोय आता."

आमोदनं पत्राचे तुकडे उचलले. मग म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी आमचा एक जण त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीत घुसला. कागदावर तीन वर्षं होती. नंतर कळलं..." त्यानं गाडीच्या डाव्या दाराकडे पाहिलं. "सोमवारपासून या. दोन महिने डावीकडे बसा, जोडीदार म्हणून. मग स्टिअरिंग तुमचं."

"म्हणजे दुर्गाकाकूंचा सोमवार पावला!" ओवी म्हणाली.

"पावला की. आता मोठी गाडी चालवतो तो." काकांनी पोरांकडे पाहिलं. "पण त्या पहिल्या सोमवारी पहाटे त्यानं स्वतः केबिनचं कुलूप उघडलं. डावीकडे चढला. बसायला गेला..."

"काय?"

"बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर... छातीवर बसावा तसा, ताणलेला."