चिमूटभर शेवाळ

आमची पहिली भेट एका बादलीमुळे झाली.

बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि घरातली काळजी करायचं काम आपसूक माझ्याकडे आलेलं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी दाराशी उभी राहून श्वास ऐकायचे. अशात वर्तमानपत्रात वाचलं – समुद्रशेवाळात तंतू असतात, पोटॅशियम असतं, आयोडीन असतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कमी व्हायला कदाचित मदत होते. झालं! पाकीट आणलं आणि सगळंच्या सगळं पाण्यात टाकलं.

ते फुगलं. पातेल्यात मावेना म्हणून टोपात, टोपातून बादलीत... हिरवंकाळं, बुळबुळीत, वाढतंच चाललेलं. नासलं असणार, माझी खात्रीच! पाकिटावर समुद्राकाठच्या एका शेडचा पत्ता होता. बादली उचलली आणि तडक तिथे गेले.

तो दोरीवर शेवाळाच्या ओल्या पट्ट्या वाळत घालत होता. वाऱ्याने एक उडाली आणि माझ्या गालाला चिकटली. गार, खारट.

"सॉरी, सॉरी! थांबा... हलू नका." त्याने ती दोन बोटांनी अलगद सोडवली. मग बादलीत डोकावला. "सगळं भिजवलंत?"

"मग काय, शोकेसमध्ये ठेवायचं होतं?"

"चिमूटभर भिजवायचं हो! हे महिनाभराचं आहे." तो इतका हसला की मलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला. "कोणासाठी एवढं?"

"बाबांसाठी. त्यांचं हृदय..."

त्याचं हसू मावळलं. "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

यादी माझ्या पर्समध्ये असायचीच. तिसऱ्या नावावर त्याचं बोट थांबलं. "ही रक्त पातळ ठेवणारी ना? काही शेवाळांत के जीवनसत्त्व असतं, ते हिच्या आड येतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी नाही देणार."

"तुम्ही दुकान चालवता की दवाखाना?"

"दुकानच. म्हणून तर गिऱ्हाईक टिकायला हवं."

डॉक्टर म्हणाले, थोडं चालेल. दर आठवड्याला तेवढंच, आणि रक्ततपासणी चुकवायची नाही. मग दर शनिवारी मी शेडवर. पुडी बांधायला त्याला दोन मिनिटं लागत, तिथून निघायला मला तास. दोन पाण्यांतून धुवायचं म्हणजे मीठ निघून जातं, बारीक कापून सूपमध्ये टाकायचं – हे त्याने मला चार वेळा शिकवलं. मी चारही वेळा विसरले. त्याच्या बोटांना समुद्राचा वास यायचा... अजून नाकात आहे.

"चव कशी लागते, बाबा?"

"भिजलेल्या मोज्यासारखी. पण आण तू, आण. आणि तो शेवाळवाला कधी येणार?"

"तो कशाला येईल? मी जाते ना."

"तेच म्हणतोय मी!"

एका शनिवारी सकाळी त्यांची उशी झटकली आणि खालून गोळ्या घरंगळल्या. अकरा.

"अगं, शेवाळ चालू आहे ना आता," बाबा ओशाळून म्हणाले. "तूच तर कात्रण दाखवलंस."

कात्रणात मी सगळ्याखाली लाल रेघ मारली होती. एक 'कदाचित' तेवढा सोडून.

रिक्षा, दवाखाना, रक्ततपासणी, वाट बघणं... "वेळेवर लक्षात आलं," डॉक्टर म्हणाले. बाबांना घरी सोडलं आणि तशीच शेडवर गेले.

"तुमच्यामुळे झालं हे!" मी ओरडले. माझ्यामुळे झालं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं. त्याने हात धुतले, शेडला कुलूप लावलं आणि तो माझ्यासोबत घरी आला.

बाबांसमोर खुर्ची ओढून बसला. "काका, आजपासून शेवाळ बंद."

"का रे बाबा?"

"ते जेवण आहे. औषध समजून खाणाऱ्याला मी विकत नाही."

"आणि गोळ्या घेतल्या तर?"

"तर देईन. पण माझ्या डोळ्यांदेखत घ्यायच्या."

"मग ये रोज बघायला!"

त्याने माझ्याकडे बघितलं... मी पेल्यात पाणी ओतत होते, ते काठावरून सांडायला लागलं.

"रोज यायचं म्हणजे, काका... निमित्त काय सांगू लोकांना?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"विचारू?" तो माझ्याकडे वळला.

मी प्रत्येक गोष्टीला आधी 'आणि काही झालं तर?' असं म्हणणारी मुलगी. त्या दिवशी तसं म्हटलं नाही. "विचार ना..." एवढंच म्हणाले, आणि पेला बाबांच्या हातात दिला. बाबांनी गोळी घेतली, आणि गिळल्याचा पुरावा म्हणून आम्हा दोघांना आ करून दाखवला.

पुढे सहा वर्षं ते होते. सकाळची गोळी जावयासमोरच घ्यायचे. तो उशिरा उठला की आमचं दार वाजवायचे – "जावईबापू, उठा, गोळी खोळंबलीय!"

त्या सहा वर्षांत शेवाळाचा वाटा किती, गोळ्यांचा किती, मला ठाऊक नाही. नातीचा पहिला दात बघून गेले, एवढं ठाऊक आहे.