मॅडमची क्रेन

वाऱ्याचा वेग, ताशी शेहेचाळीस किलोमीटर.

निर्जंतुक खोलीत फक्त धुता येणारी खेळणी चालतात.

क्रेनवाल्याला उंचीची भीती वाटत नाही, लिफ्टची वाटते.

तिनं आज तिसऱ्यांदा केस बांधले. साठ मीटरवरून कुणाला दिसणार होते?

चार वाजता मॅडमना न्यायला येणार.

मॅडम म्हणजे वॉर्डातली सात वर्षांची मुलगी. नाव नर्सबाईंनी पाडलेलं. तिचा बोनमॅरो बदलायचा होता. त्याआधी तिला निर्जंतुक खोलीत हलवणार होते, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

केस बांधले ते इच्छाताईनं. आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेत ती कामाला होती. वॉर्डात तिला सगळे याच नावानं हाक मारत. संस्थेचा नियम असा, की इच्छा विचारताना आईवडिलांना बाहेर पाठवायचं. नाहीतर मुलं आईला बरं वाटेल तेच मागतात. तर मॅडमची आई चहाला गेली आणि मॅडमनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर इमारत उठत होती, तिच्या शेजारी पिवळी क्रेन.

"ती माझ्या सांगण्यावरून फिरली पाहिजे. इथे सगळे मलाच सांगतात, कूस बदल, हात पुढे कर. मलापण कुणालातरी सांगायचंय."

इच्छाताई तशीच उठून बांधकामावर गेली, ती हेल्मेटशिवाय. पाळी संपवून क्रेनच्या शिडीवरून उतरलेल्या एका तरुणानं आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं, गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड पाहिलं आणि आवाजाबद्दल आधीच माफी मागून टाकली. तक्रार नाही, विनंती आहे, असं तिनं सांगितलं. ती ऐकून त्यानं वर क्रेनकडे पाहिलं.

"हुकूम मॅडमचा," तो म्हणाला. "मग तुमचं काम काय?"

"मी वॉकीटॉकीचं बटण दाबणार."

"जमेल? सराव करावा लागेल..."

बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं, आणि एकानं दाबून ठेवलं की बाकी सगळे मुके. एवढ्यासाठी सराव तीन संध्याकाळ चालला. खरं तर पाच मिनिटं पुरली असती.

इंजिनीअरसाहेबांनी रिकाम्या हुकानं वीस मिनिटं मंजूर केली. अट एकच – वारा चाळीसच्या खाली हवा.

आणि आज तीन वाजून गेले तरी वारा ऐकेना. वरून तो आकडे सांगत होता. शेहेचाळीस. चव्वेचाळीस. पुन्हा शेहेचाळीस. मॅडमची आई एकच फ्रॉक उलगडून पुन्हा घडी करत होती. शेवटी इच्छाताई वॉकीटॉकी घेऊन कोपऱ्यात गेली आणि तिनं हळूच विचारलं, की चाळीसच्या थोडं वर असलं तर नाही का चालणार.

"तुमच्यासाठी चाललं असतं..." वरून आवाज आला. "पण खाली एकोणतीस माणसं आहेत."

तिला स्वतःची लाज वाटली. आणि नेमका तेव्हाच तो तिला फार आवडला.

तीन वाजून अडतीस मिनिटं.

"छत्तीस. मॅडम, हुकूम करा."

"डावीकडे," मॅडम म्हणाल्या.

क्रेनचा लांब हात आभाळावरून सरकू लागला. आईची घडी अर्धवट राहिली.

"थांब."

थांबेना. मॅडमचा चेहरा उतरला.

"थांबतोय मॅडम. मोठं धूड आहे, हळूहळू ऐकतं."

थांबला. मग हूक खाली, हूक वर, उजवीकडे, अजून उजवीकडे. मॅडम हसल्या नाहीत; त्या कामात होत्या. मध्येच त्यांनी वळून पाहिलं.

"ताई, तू आज सारखे केस का बांधतेस? तुला तो आवडतो?"

खिडकीत ती केबिन काडेपेटीएवढी दिसत होती.

"हो... आवडतो. पण त्याला सांगायचं नाही हं. आज तुझा दिवस आहे."

मॅडम तिच्या अंगठ्याकडे बघत होत्या. अंगठा बटणावर होता. दाबलेला.

तिनं चटका बसल्यासारखा तो उचलला. खरखर. मग जमिनीवरून सिग्नल देणाऱ्या काकांचा आवाज, "ताई, आम्ही काही ऐकलं नाही. एकोणतीस जणांपैकी कुणीच नाही."

तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मॅडम," तो वरून म्हणाला, "परवानगी असेल तर... एकदा माझ्या मनानं फिरवू?"

"एकदाच."

क्रेनचा हात सावकाश वळला, वळत राहिला, आणि बरोबर त्यांच्या खिडकीसमोर येऊन थांबला.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "बंद करतोय. माझी पाळी पाचला संपते. खाली यायला बारा मिनिटं लागतात."

चारला चाकाची खुर्ची आली. मॅडमनी जाताना इच्छाताईला बांधकामाच्या फाटकावर जायचा हुकूम सोडला.

पाच वाजून नऊ मिनिटांनीच तो फाटकाशी धापा टाकत उभा होता. बोलायचं ते सगळं जाहीर झालेलं. त्यानं विचारलं ते भलतंच.

"मॅडम बऱ्या होतील ना?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. त्यानं तिचा हात धरला. ग्रीस लागेल म्हणून सोडला. तिनं पुन्हा धरला.

बोनमॅरो दिल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी मॅडमच्या रक्तात नव्या पेशी दिसल्या; बोनमॅरो रुजला होता.